रंगुबाईची चांगु पडद्यावर

आमच्या गल्लीतल्या रंगुबाईला मी तोंडावर 'मुकी मैना' म्हनायची. ती रागवायची न्हाई, हसायची बी न्हाई. तिची थट्टा म्हंजे भिताडाला शेन थापल्यागत. चिकटून ऱ्हायचं, पन भिताड काय बोलायचं न्हाई.

तरनेपनी ही रतनबाईच्या तमाशात झील धरायची. रतनबाई पुढं गायची, शेवटची ओळ ही मागून उचलायची. लोकं रतनबाईला बघायची, हिचं तोंड कुनाला ठावं? एकदा मढीच्या जत्रंत हिची चांगु तापानं फनफनली. सा वरसाची पोर. तिला राहुटीत निजवून ही खेळाला उभी राहिली. मधी जरा सवड घावली तशी आत आली, तर पोर गेल्ती. तेवढ्यात भाईरून हाक, "रंगे, दुसरी लावनी!" ही गेली. झील धरली. खेळ संपल्यावर तमाशा सोडला तो कायमचा. पन रडली न्हाई. त्याला अकरा वरसं झाली.

मागं रतनबाईवर शिनेमा काढायचं ठरलं, तवा लिहिनारा मानूस हिच्या ओट्यावर दोन दिस बसला हुता. च्या माझ्या घरचा पीत हुता, आन हिच्याकडनं चांगुचं इचारून लिहून घेत हुता.

यंदा दुष्काळात आमी सगळ्या बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडत हुतो. त्यात पाथर्डीला तंबूचा शिनेमा आला. मशीन चालवाय माझा भाचा गोरक्ष. तो येऊन म्हनला, "आत्या, रंगुमावशीची चांगु हाय त्यात. पन रतनबाईच्या पोटची दावलीय."

म्या मनात ठरवलं, हिला न्यायची आन रडवायची. न रडलेलं आतच कुजतं.

"चल गं, फुकट हाय."

ती म्हनली, "मरताना दावत्यात का?"

"दावत्यात म्हनं."

तिनं हातातला दगड फोडला. मग म्हनली, "जाऊ."

बायांच्या बाजूला पोतं टाकून बसलो. पडद्यावर रतनबाई झालेली नटी गात हुती, मागं एक पोरगी तोंड उघडत हुती. म्या कोपर मारलं, "ती बघ तू! नाक तुझ्याहून बरं हाय."

मग चांगु झालेली पोर आजारी पडली. नटीला समजलं तशी ती गानं मधीच टाकून, पायातलं चाळ तोडून राहुटीकडं पळाली. पोरीला उराशी धरून एवढी रडली की आमच्या बाजूच्या सगळ्या बाया नाकं वढाय लागल्या. मी तर हुंदकेच देत हुते. रंगुबाईकडं बघितलं. कोरडी.

"पळत आली ती," ती म्हनली.

"कोन?"

"रतनबाई. गानं सोडून. आसं बी करता येत हुतं व्हय."

रीळ संपलं, दिवं लागलं, गोरक्षानं दुसरं लावलं. अंधार झाला आन बघते तर पडद्यावर तीच पोर! आईम्होरं बसलेली, आई तिची येनी घालतीया, पोर चुळबुळ करतीया. गोरक्ष मुडद्यानं आधीचं रीळ मागून लावलं हुतं.

गडीमानसांनी शिट्ट्या मारल्या. "ए मशीनवाल्या, मेलेली उठली की! रीळ बदल!"

मी बी वराडले, "गोरक्षा, डोळं काय घरी ठिवलं व्हय रं?"

तर रंगुबाईनं माझं मनगट धरलं. खडी फोडून हात निस्ता खरखरीत.

"आक्के, त्याला सांग, ऱ्हाऊ दे म्हनावं."

अकरा वरसात तिनं कुनाला काय मागितलं न्हवतं. मी तशीच उठले, मशीनपाशी गेले. "लाव हेच."

"आत्या, लोकं तंबू फाडत्याल!"

"फाडू दे. मी शिवीन."

गोरक्षानं लोकांना खोटंच वराडून सांगितलं, मशीन अडकलीय, बसा गुमान. लोकं बसली. पोरीची एक येनी झाली, दुसरी झाली, आईनं लाल रिबिनीची गाठ मारली. पोर उठली आन उड्या मारत भाईर पळाली.

रंगुबाई उठली. पोतं झटकलं. "चल."

"अगं, आजून लई हाय पुढं!"

"पुढलं ठावं हाय मला."

वाटंनं मी सारखी तिच्या तोंडाकडं बघत हुते. काय न्हाई. डोळं तसंच, चाल तशीच.

सकाळी कामावर बाया गोळा झाल्या. राहीबाईनं इचारलं, "रंगे, शिनेमात ती पोर हुती म्हनं. काय झालं गं तिचं?"

मी खाली मान घातली.

रंगुबाईनं पुढला दगड जवळ वढला. "येनी घालून खेळाय गेली," म्हनली आन हातोडी उचलली.