बाबांचा फोन मागे नेला तो रविवार

बाबांना कमी ऐकू येतं, याला आमच्या घरात कोणी कधी आजार म्हटलंच नाही. लहानपणी उमरेडला घरच्या हातमागावर बसले, आणि पुढे नागपुरात मिलच्या विणाई खात्यात त्यांचा जन्म गेला. तिथे सगळे माग एकदम चालायचे, तेव्हा शेजारच्याने कानाशी येऊन ओरडलं तरी कळत नसे. मिल बंद पडेपर्यंत त्यांचे कान बरेचसे गेले होते. आम्ही आवाज चढवत गेलो, ते हसून मान डोलवत गेले. त्यातलं निम्मं त्यांना कळलेलं नसायचं, हे आम्हालाही ठाऊक होतं.

मागच्या दिवाळीत भाऊ पुण्याहून आला आणि हट्ट करून त्याने बाबांच्या दोन्ही कानांना मशीन बसवून दिली. ती मोबाइलला जोडलेली असते. फोन आला की बोलणाऱ्याचा आवाज थेट कानात. भावाची मुलगी पहिलीत आहे. ती रोज संध्याकाळी आबांना फोन करू लागली. नंदनवनातल्या आमच्या घरासमोर खुर्ची टाकून बाबा तिच्या शाळेतल्या भानगडी ऐकत बसायचे. कोण कोणाशी बोलत नाही, कोणी कोणाचा डबा खाल्ला, सगळं त्यांना तोंडपाठ.

आणि मग एक दिवस फोनपुरती मशीन मुकी झाली. जोडली जायची, मिनिटभर चालायची, परत तुटायची. "आबा, आज शाळेत ना," एवढंच कानात यायचं आणि पुढे शुकशुकाट. मी फोन पाहिला तर त्यातली सगळी सिस्टीमच नवी झालेली.

"बाबा, हे अपडेट तुम्ही केलं का?"

"मी कायले करतो? तोच विचारून राहिला होता रोज," बाबा म्हणाले. "किती वेळा नाई म्हणू बिचाऱ्याले? शेवटी म्हटलं, हो."

धरमपेठेतल्या ज्या दुकानातून मशीन घेतली होती, तिथे माझ्या शाळेच्या ऑफिसातून सुटल्यावर मी गेले. तिथल्या बाईंनी मशीन तपासली. मशीन ठणठणीत होती. तिचं ॲप अजून या नव्या सिस्टीमसाठी तयार झालेलं नाही, एक-दोन महिन्यांत दुरुस्ती येईल, तोवर थांबा, असं त्यांनी सांगितलं. मी घरी येऊन तसंच सांगितलं.

"दोन महिने?" बाबा म्हणाले. "तोवर पोरगी दुसरीत जाईन."

त्यांचा चेहरा पाहून मी शोधायला बसले. फोनच्या कंपनीने जुनी सिस्टीम आपल्या वेबसाइटवर ठेवलेली होती, कशी टाकायची तेही लिहिलं होतं. अट एकच, फोन आधी पार कोरा होणार. हे असलं काम मी कधी केलेलं नव्हतं. पण लॅपटॉप होता, रविवार होता, आणि वाचता येत होतं.

सकाळी आधी सगळे फोटो लॅपटॉपवर उतरवायला घेतले. आई शेजारी पाट घेऊनच बसली. "माह्या बहिणीच्या नातवाच्या बारशाचे फोटो गेले, तर तुले जेवाले देणार नाई," असं तिने आधीच बजावलं. तेवढ्यात मागच्या गल्लीतले काका आले. ते बाबांचे मिलमधले जोडीदार, बाजूच्याच मागावर उभे राहायचे. येताना ते कोपऱ्यावरून तर्री-पोहे घेऊन आले, कारण बातमी त्यांना कालच लागली होती.

पहिला प्रयत्न फसला. फोनने लाल अक्षरांत नकार दिला. मी घाबरून सगळं पुन्हा वाचलं, तेव्हा कळलं की मी दुसऱ्याच मॉडेलची फाइल उतरवली होती. नावात एका अक्षराचा फरक. बरोबर फाइल यायला वेळ लागला, तोवर पोहे खाऊन झाले.

दुसऱ्यांदा फोनने निमूट ऐकलं. स्क्रीन काळी झाली. मग कंपनीचं चिन्ह आलं आणि गोल गोल फिरत राहिलं. फिरतच राहिलं. मी केबलला हात लावायचीही हिंमत करत नव्हते. आई आत जाऊन देवाला दिवा लावून आली.

या सगळ्यात बाबा आणि काका मात्र मजेत होते. दोघं समोरासमोर बसून, तोंडातून आवाज न काढता, नुसते ओठ हलवत आणि बोटं नाचवत बोलत होते. मिलमध्ये त्या गोंगाटात सगळे असंच बोलायचे, हे मी ऐकलं होतं. पण इतका वेळ चाललेलं पहिल्यांदाच पाहत होते. मधेच दोघं माझ्याकडे बघून खो-खो हसले.

"काय म्हणून राहिले, काका?"

"काई नाई वं," काका डोळे पुसत म्हणाले. "तुह्या बाबाले म्हटलं, पोरगी कपाळाले आठ्या घालून बसली, तर आपल्या मिलच्या मुकादमासारखी, त्या जॉबरसारखी दिसते. फक्त मिशा नाई."

मग काकांनी फोनकडे बोट केलं आणि बाबांना नुसत्या ओठांनी काहीतरी विचारलं. ते मात्र न शिकवता मला वाचता आलं. "मेला का?"

मेला नव्हता. चिन्ह गेलं आणि स्वागताचा पडदा आला, अगदी नवा फोन घेतल्यावर येतो तसा. मी भाषा निवडली, खातं घातलं, मशीनचं ॲप टाकलं आणि आपोआप होणारं अपडेट आधी बंद केलं. पुढे महिनाभराने दुरुस्ती आली. दुकानात विचारून मगच नवी सिस्टीम घेतली, आणि तेव्हा काही बिघडलं नाही. पण त्या दिवशी हे कोणाला माहीत होतं? मी जोडणीचं बटण दाबलं आणि बाबांकडे पाहत राहिले. एकदम त्यांनी हात वर केला, शाळेत हजेरी द्यावी तसा.

"वाजली," ते म्हणाले. "दोन्हीकडून."

लगेच पुण्याला फोन लावला. भावाने तो मुलीकडे दिला असावा, कारण बाबांचा चेहरा खुलला. आवाज फक्त त्यांच्या कानांत, आम्हाला काहीच ऐकू येईना. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. एक मिनिट झालं, दोन झाली, मशीन तुटली नाही.

"वांगं?" बाबा म्हणाले. "तू वांगं झालतीस? मग? टमाटर कोण होतं?"

शाळेच्या गॅदरिंगमध्ये भाज्यांचं नाटक झालं होतं, एवढं आम्हाला समजलं. टमाटर ऐन वेळी बोलायचं विसरलं आणि रडू लागलं, हेही बाबांच्या प्रश्नांवरून कळलं. बाबा हसता हसता खुर्चीतून पुढे वाकले.

"आम्हालेही सांगा ना काय म्हणते ते," आई कुरकुरली.

बाबांनी तिला हातानेच गप्प केलं. "थांब वं. आता ती वांग्याचं अन् टमाटरचं, दोघांचंही म्हणून दाखवून राहिली."