आईची मर्यादा आणि माझे टाके

आईच्या तेराव्यापर्यंत आष्ट्याच्या घरी रोज माणसं भेटायला यायची आणि चहा पिता पिता तिचे गुण आठवायची. सगळ्यांचा आवडता गुण एकच. "वयनी लय मर्यादेची बाई," आत्या प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगायची. "कवा कुणाच्या लग्नाला न्हाई, जत्रंला न्हाई." पाहुणे माना डोलवायचे. मीही डोलवायचे.

या मर्यादेचा उगम मला ठाऊक होता. माझ्या जन्माच्या वेळी आईला पार मागपर्यंत फाटलं होतं. वरवर टाके घालून तिला घरी पाठवलं. शौच आवरून धरणारा आतला स्नायू तुटलेलाच राहिला. कधी काय निसटेल याचा नेम नाही, अशा बाईनं जत्रेत जायचं कसं? ती घरात बसली आणि घराण्याची अब्रू आपोआप वाढली. सद्गुण इतका फुकट क्वचितच मिळत असेल.

हे तिनं मला सांगितलं ते मी नवव्या महिन्यात माहेरी आल्यावर, मेथी निवडताना, मान वर न करता. "तुझं तसं हू द्यायचं न्हाई," एवढंच पुढे म्हणाली.

कळा सुरू झाल्यावर सांगलीच्या दवाखान्यात आत्याही आली. अनुभवी माणूस हवंच. आत एकीलाच सोडत होते. आत्या उठली, तर आई म्हणाली, "वन्सं, तुमी बसा. मी जाते." आत्यानं मग दाराबाहेरून अनुभव पुरवला.

"लाव जोर! भाकरी खाल्ली न्हाईस व्हय?"

नर्स गरम पाण्यात पिळलेलं फडकं खाली दाबून धरत होती. "आता जोर नको, ताई. तोंडानं फुंकर मारा, डोकं सावकाश येऊ दे." मग दाराकडे बघून, "आवं मावशी, बाळ हितं हाय, तिकडं न्हाई!"

मुलगी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, थोडं फाटलंय. तेव्हा परक्यांसमोर कधी न बोलणारी आई म्हणाली, "मागनं बोट घालून बघा, बाई. माझं कुणी बघितलं न्हवतं."

"बघणारच आहे," त्या म्हणाल्या. बघितलं. स्नायूपर्यंत गेलं होतं. मला भूल देऊन त्यांनी एकेक थर नीट शिवला. आईला म्हणाल्या, "तुमच्यावरही अजून उपचार होतील. या तपासायला."

घरी आत्यानं बाळंतिणीचं पाणी तोडायचं फर्मान काढलं. पोट सुटतं म्हणे. डॉक्टरबाईंनी तर जोर करावा लागू नये म्हणून भरपूर पाणी आणि पोट साफ व्हायचं औषध सांगितलं होतं. आई मुकाट्यानं माझ्या उशाशी तांब्या भरून ठेवायची.

सव्वा महिन्यानं तिनं विचारलं, "पोटातला वारा आवरतो का गं?"

"आवरतो."

"खरं?"

"खरं."

ती मोठ्यानं हसली. "मग आता माझं बघू. पोर जरा मोठी हू दे."

पोरीला दात यायच्या आत आई हृदयविकारानं गेली.

तेराव्याला आत्यानं माझ्या मुलीला मांडीवर घेतलं. "आज्जीसारखी मर्यादेची हो गं बाय."

मी मुलीला उचलून घेतलं, "नको," म्हटलं, आणि का नको ते भरल्या घरात सगळं सांगितलं. आत्या पदर सारखा करत राहिली.

पांगापांग झाली तेव्हा शेजारची एक म्हातारी चपला घालता घालता थांबली. "सांगलीत कुठं म्हणालीस गं ती डॉक्टरीण?"