होडीत कोण रडलं

बंगळूरच्या आमच्या कारखान्यात कारवारकडचे एक गृहस्थ स्टोअरचे कारकून होते. कुणाला खोटं पाडणं त्यांना जमतच नसे. चष्मा पुसत ‘सरी, अण्णा’, म्हणजे ‘बरोबर, दादा’, एवढंच कानडीत म्हणत. एका जानेवारीत त्यांनी मला कारवारजवळच्या बेटावरच्या जत्रेला नेलं. समुद्र खवळला, होडी कलंडू लागली, तेव्हा मी त्यांच्या कमरेला मिठी मारून रडलो. नवसाचा केळीचा घड मांडीवर सांभाळत ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले.

परतल्यावर कँटीनमध्ये मी सांगितलं की रडले ते, धीर मी दिला. तेवढ्यात ते आत आले.

“काय हो, समुद्रकाठचे तुम्ही, आणि पाण्याला भ्यालात?” कुणीतरी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “फार भ्यालो. हे होते म्हणून वाचलो.”

सगळे हसले. मीही हसलो आणि त्यांच्यासाठी चहा मागवला. तो त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.