न घेतलेलं नाव

शिफ्ट सुटली होती. कंपनीच्या फाटकाशी सायकल काढत होतो, तेवढ्यात चिंचवडचा एक जोडीदार म्हणाला, "राव, धोंडीतात्या गेले. आठ दिस झाले." मला कुणी कसं कळवलं नाही, म्हणून आधी रागच आला. मग वाटलं, कळवणार कोण, आणि का? त्यांचा माझा काही संबंध आहे, हे मी पुढे कुणाला कळूच दिलं नव्हतं...

तात्या आमच्या गावात, चिंचवडला, दवंडी द्यायचे. शाळेत भाषणाला उभा राहिलो की माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही जात नसे. हे त्यांच्या कानावर कसं गेलं कोण जाणे, पण एका सकाळी त्यांनी आम्हा चार-पाच पोरांना पवनेच्या घाटावर उभं केलं आणि स्वतः पलीकडच्या काठावर जाऊन बसले. बोललेलं नीट ऐकू आलं तर ते हात वर करणार, असं ठरलेलं. धुणं धुणाऱ्या बायका खो खो हसायच्या. "हसू द्या. हसत्यात म्हंजी ऐकत्यात," तात्या म्हणायचे. महिनाभर मी घसा फोडून ओरडलो, पण त्यांचा हात काही वर होईना. शेवटी अलीकडे येऊन म्हणाले, "वरडू नगं. आपल्या मानसाला सांगतो तसं सांग. आन् लोकांचं ध्यान आल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई." ज्या दिवशी तो हात वर झाला, त्या दिवशी मी उड्या मारत घरी गेलो.

पुढे पुण्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी सगळ्यांसमोर कौतुकानं विचारलं, "कोणाकडे शिकलास?" पुढच्या रांगेत इस्त्रीचे कपडे, चष्मे. माझ्यासोबत आलेले तात्या अगदी मागे, दाराशी, गुडघ्यापर्यंतच्या धोतरात उभे. वय लहान होतं, अशी मी फार दिवस स्वतःची समजूत घातली. खरं एवढंच, की दवंडीवाल्याचं नाव घ्यायची मला लाज वाटली. "कुणाकडे नाही. माझं मीच," मी खणखणीत आवाजात म्हणालो... आणि मागे तात्यांनी हात वर केला. टोमणा म्हणून नव्हे, टोमणे त्यांना येतच नव्हते. ऐकू आलं, एवढंच त्यांनी सांगितलं. परतताना त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही. नंतर मी घाटावर जायचंच सोडलं.

तेराव्यानंतर त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोला, काकूंना, फार कमी ऐकू येतं. त्यांच्यासाठी तात्या एकेक शब्द सुटा करून बोलत, आता त्या घरातली लहान नातही तशीच बोलते. काकू म्हणाल्या, "तू त्योच ना, पुण्याच्या बक्षिसाचा? हे पोरांस्नी तुजं नाव सांगायचे. म्हनायचे, त्यो बगा, आपला आपन शिकला."

मला मान वर करवेना. "काकू, मला तात्यांनीच शिकवलं," मी पुटपुटलो.

"आं? मोठ्यानं बोल, बाबा."

पुन्हा सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा अंगणातली माणसंसुद्धा बोलायची थांबून माझ्याकडे बघू लागली.

आता काकूंना ऐकू गेलं होतं. त्यांनी कानामागचा हात खाली घेतला.

"मंग तवाच का न्हाई सांगितलंस? त्यांस्नी लई बरं वाटलं असतं."