रतनकाकूंच्या बांधावरचा आंबा

निरवांगीत वारं सुटलं की फारुकचा फोन तापतो. कुणाची मोटर बंद, कुणाची गिरणी बंद. शिव्या मात्र सगळ्या फारुकला. विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या तोडणं हे त्याचं काम, आणि नडणारी फांदी हटकून एकाच झाडाची असते, रतनकाकूंच्या बांधावरच्या आंब्याची.

काकूंचे मालक गेणूतात्या गेले, तेव्हा घरच्यांनी रक्षा नदीत सोडली नाही. गावच्या रीतीप्रमाणे शेतातच खड्डा घेऊन त्यात टाकली आणि वर आंब्याचं रोप लावलं. फारुकही होता तिथं. सगळ्यांच्या माना खाली होत्या; डोक्यावरून गेलेल्या तारा कुणाला म्हणून दिसल्या नाहीत.

दरवर्षी फारुक शेंडा छाटायचा आणि काकू तोंड फिरवून उभ्या राहायच्या. तरी वर्षभरात झाड पुन्हा तारांनाच जाऊन भिडायचं. "जित्तेपणी तरी कुणाचं ऐकलं व्हतं का त्यांनी?" काकू म्हणायच्या.

परवाच्या वाऱ्यात निम्मं गाव अंधारात गेलं. वीज कंपनीचे साहेब फोनवर कडाडले, झाड बुंध्यातून काढा. लाईनच जरा सरकवा म्हणून फारुकनं विनवलं. साहेबांनी फोनच ठेवला.

आज तो करवत घेऊन बांधावर आला आणि ती बुंध्याला टेकवून ठेवली. म्हणाला, "काकू, मुळापासनं काढायचा हुकूम आलाय. माझ्या हातात काय न्हाय."

काकूंनी बुंध्यावरून हात फिरवला.

"काप की बाबा. गावाला लाईट पायजेच. झाड घिऊन जा समदं. त्यातला माझा माणूस तेवढा येगळा काढून दे."