किरणांनंतरची तपासणी

"वहिनी, पाकिटात जंतू शून्य! तुमच्याच अक्षरात आहे. मग सही का अडवताय?"

"भाऊजी, शून्य आज. पाकीट फोडल्यावर काय?"

"फोडल्यावर प्रिझर्व्हेटिव्ह आहे की राखणीला!"

"तेच मघापासून सांगतेय. राखणदारच अर्धमेला झालाय."

दीर कारखान्याचा व्यवस्थापक. नवरा गेला त्या वर्षी त्यानेच तिला इथल्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लावलं. धुता धुता ती शिकली, परीक्षा दिल्या, आणि सगळा कारखाना तिला काचबाई म्हणू लागला. जंतू वाढवून बघायच्या काचेच्या प्लेटवर झाकण ठेवल्याशिवाय शिंकसुद्धा न येऊ देणारी बाई! तिच्या सहीविना खोकं हलत नसे.

माल म्हणजे इस्पितळातल्या आजाऱ्यांसाठी फळांचा गर. पाकिटं भरली की जंतू मारायला गॅमा किरणांच्या माऱ्याखाली जात. परत आल्यावर काचबाई त्यांतले फक्त जंतू मोजायची. प्रिझर्व्हेटिव्हचा जोर मात्र आधीच, टाकीतल्या गरावर तपासून मोकळी व्हायची. किरण जंतूंना मारतात, बाकी कशाला धक्का लावत नाहीत, असं तिने धरून चाललेलं. सात वर्षांपूर्वी नियम घातला तोही तिनेच.

गेल्या आठवड्यात एका नर्सने उघडलेलं पाकीट परत पाठवलं. फ्रिजमध्ये असूनही तिसऱ्या दिवशी बुरशी. काचबाईने एकाच टाकीतला गर घेतला, किरणांआधीचा आणि नंतरचा. दोन्हींत सारखीच बुरशी सोडली.

आता त्या दोन प्लेट तिने दिरापुढे सरकवल्या. "ही आधीची." स्वच्छ. "ही नंतरची." काठापर्यंत पांढरी लव.

त्याने दुसरी प्लेट उजेडाकडे धरली. मग आवाज उतरला. "आधी तपासायचं, हे ठरवलं कुणी?"

"मी."

"मग मालक बोट कुणाकडे दाखवतील?"

"माझ्याकडेच. दाखवू देत."

"पुढच्या महिन्यात निवृत्त होताय, वहिनी. एवढी खेप जाऊ द्या, पुढच्या खेपेपासून नियम मी गुपचूप बदलतो. मानाने घरी जा ना!"

"ही खेप कोण खाणार, भाऊजी?"

"आणि मी? तुम्हाला इथे आणलं ते आपलं नाव घालवायला?"

काचबाईने दोन्ही झाकणं दाबून बसवली, चिकटपट्टी लावली, सवयीने तारीख घातली. कोरा राहिलेला सहीचा कागद टेबलावरच ठेवला. आणि एकेका हातात एकेक प्लेट धरून ती मालकांच्या खोलीकडे चालू लागली.