बस, आगे ही है

"बस, आगे ही है, वहिनी!" असं म्हणायचं आणि दोन बोटांनी समोरची हवा जराशी पुढे ढकलायची, ही आमच्या शेजाऱ्यांची सवय. देवासच्या आमच्या गल्लीत कुणी पत्ता विचारला की हे गृहस्थ बनियनवर शर्ट चढवत बाहेर आलेच म्हणून समजा. जागा ठाऊक असो वा नसो. 'माहीत नाही' हे त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. तुमच्याही गल्लीत असा एकजण असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

आमची त्यांची भिंतीला भिंत. कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे. एक जुनी व्हॅन होती, तिला ते स्वतःपेक्षा जास्त जपत. मी तेव्हा नुकतीच साठीची, म्हणजे तशी लहानच. अक्कल यायची होती.

माझ्या मुलाने सिंगापूरची चिनी मुलगी केली आणि तिची आई पहिल्यांदा आमच्याकडे आली. विहीणच ती! विहिणीचं पान रिकामं झालं नाही तर आमच्या आजेसासूबाई मरेपर्यंत ते बोलून दाखवत. आणि या विहीणबाई पुरणपोळीला हात जोडत, तुपात बुडवलेल्या बाफल्यांना हात जोडत, आणि दहीभाताचे चार घास खाऊन उठत. परवा त्यांचं विमान होतं. मुलीच्या सासरी उपाशी राहिले, एवढंच घेऊन ती बाई जाणार, या विचाराने मला झोप येईना.

"मम्मी, डिमसम मिलेगा तो वो खाएगी," सून म्हणाली.

डिमसम म्हणजे काय, ते मोबाइलवर पाहिलं. पातळ पारी, आत सारण, वाफवलेलं. हात्तिच्या, मोदकच की! मी ऐटीत मोदक केले. विहीणबाईंनी एक फोडला, आत गूळ निघाला, तो त्यांनी अलगद खाली ठेवला. मी केवढी शहाणी होते पाहा.

एवढ्यात भिंतीवरून आवाज आला, "डिमसम ना? मिळतंय की! अपने पैचानवाला आहे."

त्या संध्याकाळी पैचानवाल्याच्या गाडीवर तळलेले मोमो मिळाले, वर लाल चटणीचा चिखल. मग आम्ही अंधार पडता पडता हाटपिपल्याला गेलो. तिथे म्हणे जहाजावर काम केलेला एक आचारी होता. "जहाज पे क्या बनाते थे?" मुलाने विचारलं. "बनाता नहीं था, भिया. बर्तन देखता था."

मी संतापले. ते मात्र शांत. "टेंशन नका घेऊ, वहिनी. उद्या धार. तिथे पक्कं."

दुसऱ्या दिवशी सकाळी महेश्वरी साडी नेसून, इंग्रजीतलं एक वाक्य पाठ करून मी व्हॅनमध्ये बसले. वाटेत इंदूर लागलं. मुलगा म्हणाला, "काका, इतकी मोठी हॉटेलं आहेत, इथेच विचारू."

"इथे पाहुण्यांना लुटतात रे. धार काय, बस, आगे ही है!"

इंदूर मागे पडलं. विहीणबाई खिडकीतून सोयाबीनची शेतं पाहत होत्या. त्यांच्या पोटात गुरगुरलेलं मला ऐकू आलं आणि पाठ केलेलं वाक्य मी विसरले.

धारच्या हॉटेलच्या पाटीवर 'चायनीज, साउथ इंडियन, जैन' असं एकाच ओळीत लिहिलेलं. मालक म्हणाला, "डिमसम? खतम हो गया."

"कधी संपलं?" मी विचारलं.

"आज बनाया ही नहीं था, माताजी."

मी उठून निघालेच होते. पण हे गृहस्थ सरळ स्वयंपाकघरात शिरले. आतून कितीतरी वेळ "अरे भिया, मेहमान हैं, विदेश से आए हैं" ऐकू येत राहिलं. आचारी दार्जिलिंगकडचा निघाला. तासाभराने प्लेट आली. वाफ निघत होती, आकार अगदी फोटोतल्यासारखा. माझा जीव भांड्यात पडला.

आमच्या या शेजाऱ्यांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "पाहुण्याला असं कोरं वाढतात का?" म्हणत पिशवीतून लवंगेची शेव आणि जीरावण मसाल्याची पुडी काढली आणि कुणी हात धरायच्या आत सगळ्या प्लेटभर भुरभुरली.

"अहो, काय केलंत हे!" मी ओरडले. आम्ही माळव्याची माणसं पोह्यांवर, डाळीवर, भाजीवर शेव घालतो. पण ही खास सिंगापूरची विहीण! तिच्यापुढे गावठी दिसू नये म्हणून मी घरातला शेवेचा डबा कपाटात लपवला होता, आणि हा माणूस पिशवीतून शेव घेऊन फिरत होता.

विहीणबाईंनी पर्समधून आपल्या काड्या काढल्या. एक डिमसम उचललं, चावलं, बराच वेळ चघळलं, कसंबसं गिळलं. पारी माझ्या पोळीपेक्षा जाड होती. मग त्यांनी काडीने एक शेव उचलली. मग दुसरी. मग जीरावणात घोळवून तिसरी. शेव संपली, डिमसम तशीच टक्कल पडल्यासारखी प्लेटमध्ये बसून राहिली.

"मोर?" विहीणबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

या गृहस्थांनी उरलेली पुडी त्यांच्यापुढे रिकामी केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा! म्हटलं नव्हतं?"

मी देवास येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. माझ्याच कपाटातली शेव खाऊ घालायला विहिणीला धारपर्यंत हिंडवलं होतं! घरी गेल्यावर निमूटपणे डबा काढून टेबलावर ठेवला. विहीणबाई त्या रात्री पोटभर जेवल्या, दहीभातावरसुद्धा शेव घालून.

त्यानंतर सुनेचा व्हिडिओ कॉल आला की पडद्यावर आधी विहीणबाई विचारत, "मिस्टर आगे?" आमचे शेजारी भिंतीवरून उडी मारल्यासारखे यायचे. ते माळवीत बोलत, त्या इंग्रजीत. दोघांचं सगळं जमायचं. मधे मी फोन धरून उभी, खांब.

गेल्या वर्षी छातीत दुखतं म्हणून या गृहस्थांना इंदूरला नेलं. व्हॅनमध्ये आडवे होते. मी विचारलं, "किती दिवस लागतील परत यायला?"

"हे काय, वहिनी. बस, आगे ही है."

इंदूरहून ते आले नाहीत. व्हॅन आली. माझा राग अजून गेलेला नाही. साऱ्या गावाला पत्ते सांगत हिंडले आणि स्वतः निघाले तेव्हा धड काही सांगितलं नाही.

या हिवाळ्यात विहीणबाई पुन्हा आल्या. ते गेल्याचं आईला सांगायचं काम सुनेने माझ्यावर टाकलं होतं; तोवर फोनवर आम्ही टाळाटाळच केली होती. आल्या आल्या त्यांनी बॅगेतून एक डबा काढला. त्यांनी स्वतः केलेली, कागदासारख्या पातळ पारीची डिमसम. भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "मिस्टर आगे?"

इंग्रजीतलं वाक्य मी या वेळीही पाठ केलं होतं. तोंड उघडलं, आणि हात आपोआप वर गेला. दोन बोटांनी मी समोरची हवा पुढे ढकलली.

"बस," मी म्हटलं, "आगे ही है."

विहीणबाईंनी मान हलवली, डबा उचलला आणि चपला घालायला लागल्या.